मोहफुलांचा हलता आकडा

"सर, ही नळी बाटलीत आहे, पण द्रवात नाही," तृप्ती म्हणाली.

तृप्ती चंद्रपुरातल्या एका प्रयोगशाळेत नमुने तपासते. ती हे म्हणाली तेव्हा मी कपाळाला बॅटरी बांधून प्रयोगशाळेच्या फरशीवर आडवा पडलो होतो. मशीनची निम्मी आतडी पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलेली होती. सकाळपासून मी एकेक भाग सोडवत होतो, पुसत होतो आणि मधूनमधून "हं" असा आवाज काढत होतो. हा "हं" आमच्या धंद्यात फार कामाचा. समोरच्याला वाटतं, याला काहीतरी उमगलं.

मी उठलो आणि बाटलीत डोकावलो. नळीचं टोक द्रवाच्या बोटभर वर लोंबकळत होतं. मशीन बिचारं सकाळपासून हवा पीत होतं. नळाला पाणी येण्याआधी जशी फुसफुस होते, तसा त्याचा फवारा तुटत होता आणि पडद्यावरचे आकडे नाचत होते. मागच्या भेटीत त्या नळीचं खराब झालेलं टोक कापून तिला आखूड करणारा माणूस मीच होतो.

तृप्तीने चहा मागवला, आणि चहा मागवताना माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं पुरे होतं.

घरी आल्यावर हा किस्सा सांगण्याची चूक मी केली. माझी बायको सुनंदा आरोग्यसेविका आहे. ती पोट धरून हसली. तेव्हापासून आमच्या घरात चष्मा डोक्यावर ठेवून मी चष्मा शोधू लागलो की कोणीतरी म्हणतंच, "बाबा, नळी बघा."

तर असा मी. चंद्रपुरात राहतो, आणि वीसेक वर्षं मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राची दुरुस्ती करत विदर्भभर फिरतो. सासुरवाडीत अजूनही काही जणांची समजूत आहे की मी एक्स-रे काढतो. एका लग्नात एका मामाने तर जेवता जेवता पायजमा वर करून गुडघा दाखवला होता. त्यांना मी जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

समजा, आमच्या रामाळा तलावात कोणी एखाद्या औषधाची पुडी टाकली. ती कशाची होती आणि तलावात औषध साधारण किती उतरलं, हे सांगायला जे यंत्र लागतं, ते हे. पाणी, धान्य, भाजी, जे तपासायचं असेल त्याचा अर्क काढून तो केसासारख्या नळीतून पुढे ढकलतात. नळीच्या टोकाला विजेचा जबर दाब असतो. तिथे अर्काचा फवारा होतो, कूलरच्या तुषारांहून कितीतरी बारीक. थेंब वाळतात, आतले कण विजेने भारून उडतात, वजनाप्रमाणे वेगळे होतात आणि शेवटी मोजले जातात. पडद्यावर डोंगर उमटतो. डोंगर जितका मोठा, तितका पदार्थ जास्त. झालं. मामांचा गुडघा मात्र यात कुठे बसला नाही.

माझं काम डोंगरांच्या उंचीचं. एकच अर्क पाच वेळा टाकला तर पाचही डोंगर जवळपास सारखे यायला हवेत. एक बुटका, एक उंच, एक गायब असं व्हायला लागलं की माझा फोन वाजतो. कारणं शंभर असतात. नळीत हवा शिरते, नायट्रोजन कमी पडतो, वीज वरखाली होते. आमच्याकडच्या मे महिन्यात तर एसीच हात टेकतो. राजुऱ्याकडच्या एका प्रयोगशाळेत दुपार झाली की डोंगर बसायला लागायचे. मी तारा बदलल्या, पंप बदलायची भाषा केली. मग एकदा जेवायच्या सुट्टीला तिथेच थांबलो आणि पाहिलं. मशीनचा पंप जिथून गरम हवा बाहेर टाकतो, त्या जाळीवर स्टाफच्या जेवणाच्या डब्यांची चळत रचलेली होती. एसीत वरण गार होतं म्हणून. पंपाचा श्वास कोंडत होता आणि भाजी मात्र छान वाफाळत होती. मीही त्या दिवशी गरम वांगं खाल्लं आणि मगच डबे हलवायला सांगितलं.

आता एक शेवटची तांत्रिक गोष्ट, कारण पुढची सगळी कहाणी तिच्यावर उभी आहे. मशीनचा भरवसा नाही हे आम्हाला माहीत असतं. म्हणून प्रत्येक अर्कात आम्ही एक ओळखीचा पदार्थ ठरावीक मापात घालतो. कागदावर त्याला अंतर्गत मानक म्हणतात, मी त्याला सोबती म्हणतो. बाजाराला पाठवलेल्या पोरासोबत घरचा एक माणूस द्यावा, तसा. पोरगा उशिरा आला आणि सोबतीही उशिरा आला, तर समजायचं, वाटेत काहीतरी झालं. म्हणजे दोष मशीनचा. पण सोबती रोज वेळेवर येतोय आणि पोरगाच कधी लवकर, कधी उशिरा, तर मग वाटेला शिव्या देण्यात अर्थ नाही. पोरालाच विचारायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात तृप्तीचा फोन आला. "सर, मोहफुलांचं सॅम्पल आहे. आकडा थांबत नाहीये. एकदा पास, एकदा नापास."

मी गेलो. गेल्या गेल्या आधी बाटलीत पाहिलं. तृप्ती म्हणाली, "मी पाहिलं सर." मी म्हटलं, "मीपण पाहतो." नळी बुडालेली होती. जरा निराशाच झाली.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात. पायाशी कापडी पिशवी. मूलचेरा तालुक्यातल्या एका गावाहून एसटीने आलेल्या शेवंताबाई मडावी. त्यांच्या गावात बायांचा बचत गट आहे, त्याच्या त्या अध्यक्ष.

मोहाची फुलं वेचायची तिकडची पद्धत अशी की झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून घ्यायचा. जमीन काळी, स्वच्छ होते. पहाटे टपटप पडलेली पिवळट फुलं नीट दिसतात. पण ती आग कधी कधी झाडापाशी थांबत नाही. आदल्या वर्षी ती अख्खी टेकडी घेऊन गेली, त्यात तेंदूची पानंही गेली. तेव्हा शेवंताबाईंनी घरोघर फिरून बायांना सांगितलं, औंदा आग नाही. झाडाखाली बांबू रोवून झोळी बांधायची, फुलं वरच्या वर झेलायची. माती नाही, राख नाही. मग नागपूरची एक लाडू-बिस्किटं करणारी कंपनी असा स्वच्छ मोह घ्यायला तयार झाली. अट एकच, कीटकनाशक सरकारी मर्यादेच्या वर नाही असा प्रयोगशाळेचा कागद पाहिजे. बायांनी बाजारच्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं आणि मोह घरात राखून ठेवला. शेवंताबाईंच्या शब्दावर.

त्या कागदासाठी त्या बाकावर बसल्या होत्या.

"मशीनले का झालं भाऊ?" मला पाहून त्यांनी विचारलं.

"तपासून राह्यलो बाई."

"या पोरीनं सांगतलं, मोहात फवाऱ्याचं औषध दिसून राह्यलं. आता सांगा, जंगलात कोण मारते फवारा? वाघ मारते का पाठीवर पंप घेऊन?"

मला हसू आलं आणि त्यांची बाजू शंभर टक्के पटली. ज्या झाडाला कोणी कधी खत घातलं नाही, पाणी घातलं नाही, त्याच्या फुलात शेतातलं औषध येईल कुठून? दोष मशीनचाच.

आणि दोष होताही. सोबत्याचा डोंगर हळूहळू खाली येत होता. पहिल्या अर्काला धडधाकट, दहाव्याला अर्धमेला. मी फवाऱ्याचं तोंड उघडलं तर आतून जळक्या गुळाचा वास. मोहाच्या फुलात साखर किती असते हे आमच्याकडे कोणाला सांगायला नको. ती साखर अर्कातून येऊन तापलेल्या तोंडावर बसत होती आणि तिथे काकवीसारखं तपकिरी किटण धरलं होतं. कणांना आत शिरायला वाटच उरली नव्हती. मी ते घासलं, धुतलं. तृप्तीने अर्क पातळ केला. साखर नळीतून सगळ्यांच्या आधी बाहेर पडते, म्हणून ती येण्याच्या वेळेला झडप फिरवून तिला सरळ टाकाऊ बाटलीत सोडून द्यायचं, असं आम्ही ठरवलं. पुन्हा मशीन सुरू केलं.

सोबती खांबासारखा उभा राहिला. एक, दोन, तीन, सगळे डोंगर एका उंचीचे. मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन शेवंताबाईंना सांगून आलो, "झालं बाई, सापडलं. तुमच्या मोहाची गोडीच नडली मशीनला."

"पाय बरं," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलंच होतं."

आत आलो तर तृप्ती पडद्याकडे पाहत उभी होती. सोबती जागच्या जागी होता. पण मोहाचा आकडा अजून हलत होता. पहिल्या मुठीत औषध मर्यादेच्या वर. दुसरीत काहीच नाही. तिसरीत काठावर.

"तीच पिशवी?" मी विचारलं.

"तीच पिशवी सर. मोह चिकट आहे, मिक्सरच्या पात्यालाच गोळा बसतो. नीट एकजीव होत नाही. म्हणून दर वेळी वेगळी मूठ घेतलीये."

"पुन्हा एकदा फवारा उघडू."

"सर, सोबती स्थिर आहे."

तिने ते हळू आवाजात म्हटलं. ते वाक्य मीच तिला शिकवलं होतं, ती नवीन होती तेव्हा. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता असं नाही. तरी मी उघडलं. गॅस पाहिला, तारा पाहिल्या, बाटली पुन्हा पाहिली. वीस वर्षं लोकांची मशीनं दुरुस्त करण्यात गेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला मनापासून वाटत होतं की हे मशीन बिघडलेलं निघावं. कारण ते ठीक असेल तर औषध खरंच त्या फुलांवर होतं, आणि मी आत्ताच बाहेर जाऊन त्या बाईंना "झालं" म्हणून आलो होतो.

दुपार झाली होती. बाहेर चंद्रपूरचं ऊन होतं, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण बाहेरगावच्या वाचकांना खोटं वाटतं. शेवंताबाईंनी पिशवीतून भाकरी काढली. मी म्हटलं, "बाई, घरी चला. जवळच आहे. जेवून येऊ." खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी एकट्याने बोलायचा धीर होत नव्हता. अवघड गोष्टी सांगायच्या असल्या की मी त्या सुनंदाच्या स्वयंपाकघरात नेतो.

सुनंदाची त्या दिवशी सुट्टी होती. तिने दार उघडलं, आणि मी ओळख करून द्यायला तोंड उघडण्याआधीच शेवंताबाई ओरडल्या, "अव, सिस्टरबाई!"

"शेवंता! तू कुठी इथी?"

सुनंदाची नोकरी आधी बरीच वर्षं मूलचेऱ्याकडे होती, हे मला माहीत होतं. पण त्या भागातल्या प्रत्येक घरात तिने कोणाचं ना कोणाचं बाळंतपण केलेलं असतं, हे मी दर वेळी विसरतो. पुढची काही मिनिटं मला घरात कोणी विचारलं नाही. शेवंताबाईंच्या सुनेला मुलगी झाली होती. कोणाची सासू गेली होती. वरण-भात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी ताटात आली तेव्हा कुठे विषय मोहावर आला.

"तुमच्या मालकाचं मशीन माह्या मोहाले नापास करून राह्यलं बाई," शेवंताबाईंनी तक्रार गुदरली.

"माह्या हातचा स्वयंपाकही नापास करतात ते," सुनंदा म्हणाली. "मनावर नोको घेऊ. आग लावून वेचला का मोह?"

"नाई वं! एका बाईनं काडी नाई लावली औंदा. झोळ्या बांधल्या." शेवंताबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि दोन्ही हात पसरून दाखवलं. "खाटेवानी. फूल पडलं का अलगद झोळीत. पहाटे उठून वाकून वाकून वेचाचं काम नाई. माह्या कंबरेचं दुखनंच गेलं."

"बरं केलं. कशाच्या बांधल्या?"

"कोनी जुनी लुगडी बांधली. पण लुगड्यात हवा खेळत नाई, फूल घामेजते. म्या तं सगळ्या झाडाले मच्छरदानी बांधली, बायांलेही तेच सांगतलं. तुमी वाटल्या होत्या ना बदली व्हायच्या आधी, त्याच. लय कामाची चीज हाये बाई ते."

सुनंदाचा वाढायचा चमचा भातातच राहिला.

मी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मला अजून काही समजलं नव्हतं. मास स्पेक्ट्रोमीटरमधला माणूस ना मी.

"शेवंता," सुनंदा म्हणाली, "वाटताना काय सांगितलं होतं मी? पहिल्या दिवशी सावलीत वाळवा, मग झोपा. काऊन सांगितलं होतं?"

"वास येते म्हून."

"वास कशाचा येते? त्या जाळीलेच औषध लावलेलं असते बाई. मच्छर बसला का मरते, त्याच्यासाठी. धाग्यात मुरवलेलं असते ते."

मी तृप्तीच्या पडद्यावर जे नाव सकाळपासून पाहत होतो ते उच्चारलं. सुनंदा म्हणाली, "तेच. पाकिटावर लिहिलेलं राहते." इतक्या सहज, जणू मी तिला मिठाचं नाव विचारलं होतं. आता कुठे मला हिशेब लागला. ओली, चिकट फुलं सकाळभर त्या जाळीवर पडून राहायची. त्यांना थोडं थोडं औषध लागायचं. लुगड्यातल्या फुलांना काहीच नाही. नंतर दोन्ही एकाच पिशवीत. तृप्तीच्या एका मुठीत मच्छरदाणीची फुलं जास्त, एका मुठीत लुगड्याची. आकडा हलत होता, कारण मोहच तसा होता.

शेवंताबाईंनी ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ज्या बायांनी माहं ऐकलं नाई, त्या पास."



"तुह्यी चूक नाई त्यात," सुनंदा म्हणाली. "मी सांगतलं, मच्छी धरू नोका यानं, कोंबड्या झाकू नोका. मोहाचं माह्या डोस्क्यात कुठी आलं?"

दोन दिवसांनी शेवंताबाई पुन्हा आल्या. या वेळी दोन वेगळ्या पुरचुंड्या. एक लुगड्यातल्या मोहाची, एक जाळीतल्या मोहाची. तृप्तीने दोन्हींच्या चार-चार मुठी चालवल्या. लुगड्याच्या मोहात डोंगर नव्हता, सपाट माळ होता. जाळीच्या मोहात प्रत्येक मुठीला डोंगर, जवळजवळ एका उंचीचा, मर्यादेच्या थोडा वर. हलता आकडा थांबला. मशीनवाल्याला याहून सुंदर चित्र नाही, आणि मला ते बघवत नव्हतं.

तृप्तीने मला बाजूला घेतलं. "सर, सगळा मोह नीट मिसळला तर सरासरी मर्यादेच्या आत येते. मी हिशेब केला. कंपनीने एकच मिसळलेलं सॅम्पल मागितलंय."

मी "हं" म्हटलं. या वेळी मला खरंच काही सुचत नव्हतं. मिसळलं तर सगळ्यांचा मोह विकला जाईल, शेवंताबाईंचा शब्द राहील, आणि मर्यादा म्हणते तर कोणाला काही होणारही नाही. मी बाहेर गेलो आणि जसं आहे तसं त्यांना सांगितलं. सांगताना आवाज असा ठेवला की त्यांनी "मिसळा" म्हणावं. हे मला आज कबूल करायला हरकत नाही.

त्यांनी विचारलं, "लाडू कोन खाते भाऊ?"

"शहरातले लोक. लहान मुलं. शाळेच्या डब्यात देतात म्हणे."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मंग नाई. वेगवेगळंच ठेवा. आमच्या बोऱ्या ओळखू येते. जिची बोरी तिनं आपल्या लुगड्याच्या काठाची पट्टी बांधली तोंडाले. माह्या हिरव्या काठाच्या हायेत. त्या बाजूले काढतो. आनखी ज्यायनं जाळी बांधली त्यायच्याही."

"बाजारचा व्यापारी घेईल त्या," मी म्हटलं.

"तो दारूले घेईन. पिनारे कोनाचे? आमचेच." त्या उठल्या. "खड्ड्यात टाकतो. बायांले मीच सांगतो, तुमी नोको येऊ. तुमी आले तं त्यायले वाटन, सरकारी मानूस हाये."

त्यांनी सांगितलंही. मी तिथे नव्हतो, पण नंतर फोनवर त्या म्हणाल्या, लुगडंवाल्या बायांनी आधी टोमणे मारले. "अध्यक्षच नापास" म्हणून गाणंच केलं. मग त्यांच्याच दोघींनी फावडी आणून खड्डा खणायला मदत केली. गावची पद्धत अशी की टोमणा आणि मदत एकाच हाताने येते. उरलेल्या बोऱ्यांचा कागद तृप्तीने जसा होता तसा लिहून दिला, माल टेम्पोत चढला, आणि पुढच्या मोसमाला फक्त लुगडी असं ठरलं. फूल घामेजू नये म्हणून लुगड्याला टाचणीने भोकं पाडायची, ही सूचना माझी. ती त्यांनी ऐकून घेतली, एवढंच म्हणता येईल.

टेम्पो निघाल्याची खबर आली त्या संध्याकाळी मी घरी आलो तो चांगल्या तोऱ्यात. सुनंदा अंगणात बाज टाकून तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. साखरेचं किटण, ठाम उभा सोबती, सपाट माळ, हिरव्या काठाच्या बोऱ्या, टेम्पो. मध्ये मध्ये थांबून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आपल्या कामाचं कौतुक बायकोच्या तोंडून ऐकायला माणूस पन्नाशीतही लहान पोरासारखाच असतो.

ती ऐकत होती. खडे वेचत होती. माझं संपल्यावर तिने सूप एकदा पाखडलं आणि विचारलं, "आन् त्या मच्छरदान्या?"

"काय मच्छरदान्या?"

"झाडावरून काढल्या का? परत खाटेवर बांधल्या का? मोह संपला, मृग तोंडावर आला. शेवंताच्या घरी तान्हं लेकरू आहे. मलेरिया काही तुमच्या कागदाची वाट पाहत नाई."

त्या जाळ्यांमधलं औषध मी कणाकणाने मोजलं होतं. त्यांच्याखाली झोपायचं कोणाला, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"विचारलं नाही," मी म्हटलं.

तिने सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, मोबाईल उचलला आणि शेवंताबाईंचा नंबर लावला. रिंग जात होती. पलीकडून उचलेपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं, हसली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली:

"तुमची नळी अजून पान्याच्या वरतच आहे."